सुट्टीवर आलेला फौजी घरात कधी पोचतो?

निळीशाई

फौजी माणूस सुट्टीवर येतो त्या आठवणी निघाल्या की बोलणं स्टेशनावर नाहीतर एसटी स्टँडवर जाऊन थांबतं. काळी ट्रंक, धावत जाणारी पोरं, सासूबाईंनी ओवाळून टाकलेला भाकरतुकडा. आमच्याकडेही हे सगळं झालं आणि ते खरंच होतं. पण मला नेहमी वाटत आलंय की माणूस त्या दिवशी फक्त दारात येतो. घरात यायला त्याला आणखी चार-पाच दिवस लागतात. त्या दिवसांबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून हा धागा काढतेय. ज्यांच्या घरातलं कुणी फौजेत आहे किंवा होतं, त्यांनी आपापलं लिहावं.

आमचे हे पायदळात होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. लग्न नव्वदच्या दशकातलं. नोकरीची निम्मी वर्षं फील्डमध्ये, म्हणजे सीमेवरच्या भागात गेली आणि फील्डमध्ये कुटुंब नेता येत नाही. जवानाला वर्षाला ६० दिवस अ‍ॅन्युअल आणि ३० दिवस कॅज्युअल सुट्टी असते. कागदावर तीन महिने होतात. हातात येते ती तुकड्या-तुकड्यांनी. पलटणीतून एका वेळी ठरावीकच माणसं सोडतात, आणि दिवाळी, लग्नसराई, पेरणी, गावची जत्रा सगळ्यांनाच हवी असते. त्यामुळं मला हवे असलेले दिवस आणि पलटणीला सोडता येतील ते दिवस यांचा मेळ क्वचितच बसायचा.

पत्रावर नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि खाली 'मार्फत ५६ एपीओ', म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. एवढ्यावरून माणूस राजस्थानच्या वाळूत आहे की काश्मीरच्या बर्फात, काही पत्ता लागायचा नाही. 'सुट्टी पास झाली, निघतोय' हे पत्र कधी त्यांच्या आधी यायचं, तर कधी ते येऊन दोन दिवस झाल्यावर पोस्टमन घेऊन यायचा आणि हे स्वतःच पुढं होऊन स्वतःचं पत्र घ्यायचे. लडाखला असताना हिवाळ्यात झोजिला बंद असायचा. मग लेहहून हवाई दलाच्या विमानानं चंडीगड, तेही हवा उघडली तर. नाहीतर ट्रांझिट कॅम्पात बसून राहायचं. पुढं दिल्लीहून झेलम एक्सप्रेस. जम्मूहून पुण्याला येणारी ही गाडी आमच्या भागातल्या कितीतरी फौजी घरांना तोंडपाठ असते. मनमाडला किती वाजता, दौंडला किती वाजता आणि ती नेहमी कुठं रखडते, हे माझ्या सासूबाई कधी त्या गाडीत न बसता सांगायच्या.

आता ते पहिले दिवस. पहिल्या रात्री जेवायला बसले की मी दुसरी भाकरी तव्यावर टाकतेय तोवर यांचं ताट घासून पालथं घातलेलं असायचं. पहाटे चारला उठून अंथरूण गुंडाळलेलं, घोंगडीच्या कडेला कड जुळवलेली. बूट खाटेखाली, टाचा आत, टोकं बाहेर, म्हणजे अंधारात पाय सरळ आत जावेत. बसायचे ते भिंतीला पाठ लावून, दाराकडं तोंड करून. बंकरमधली बुखारी, म्हणजे ऊब धरायची शेगडी, रॉकेलवर चालते, तिचा धूर लोकरीच्या कपड्यांत इतका मुरलेला असायचा की दोन धुण्यांत वास जायचा नाही. मी काही विचारलं की 'हां जी' म्हणायचे आणि मग आपण घरी आहोत हे लक्षात येऊन गप्प व्हायचे.

आमची थोरली तेव्हा नुकती बोलायला लागली होती. मी यांना 'अहो' म्हणते ते तिनं ऐकलं आणि तीही 'अहो' म्हणू लागली. 'अहो, बॉल द्या.' सगळं घर हसलं. हेही हसले, आणि मग अंगणात जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले. पुढं कितीतरी दिवस ती तेच म्हणायची आणि कुणी तिला दुरुस्त केलं नाही.

आणि एवढ्यातच गाव दारात. सातबाऱ्यावरचं नाव, बांधाचा वाद, विहिरीची मोटर, पुतण्याचा दाखला, मेहुण्याचं स्थळ बघायला जाणं. फौजी सुट्टीवर येणार म्हणून वर्षभर कामं राखून ठेवलेली असतात. यात कुणाचा स्वार्थ असतो असं नाही, घरातला कर्ता माणूस आल्यावरच ती व्हायची असतात. पण बायकोच्या वाट्याला उरतं काय, तर पाहुण्यांचा चहा.

आमच्याकडं हे सासूबाईंनी मोडलं. सासरेही फौजेतलेच, त्यामुळं त्यांनी हे सगळं एकदा भोगलेलं. त्यांनी नियमच केला होता की पहिले तीन दिवस पोराला कुणी काम सांगायचं नाही, पाहुणा बोलवायचा नाही आणि 'तिकडं कसं असतं' हे विचारायचं नाही. चुलतसासऱ्यांना एकदा दारातून परत पाठवलं होतं त्यांनी. एका सुट्टीत पाचव्या की सहाव्या दिवशी हे दुपारी ओसरीवर आडवे झाले. दाराकडं पाठ करून. आणि दिवेलागणीपर्यंत हललेच नाहीत. सासूबाईंनी मला खुणेनं बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, 'आला गं आता.'

तुमच्याकडं तो दिवस कसा कळायचा?

वेदगंगा

निळीशाईताई, 'अहो' वाचून हसूही आलं आणि डोळेही भरले. माझे मिस्टर सध्या नोकरीत आहेत, म्हणून कुठं आहेत ते लिहीत नाही. सियाचेन ग्लेशियरचं टेन्युअर, म्हणजे तिथली ठरलेली मुदत, झालंय एवढंच सांगते.

मला वाटायचं, आता मोबाइल आहेत, व्हिडिओ कॉल आहेत, तुमच्या पिढीसारखं परकेपण येणार नाही. पण तेव्हा वर चौक्यांवर ते चालत नव्हतं. सॅटेलाइट फोन असायचा, त्यावर पाळीनं बोलायचं. २०१७ च्या दिवाळीपासून त्याचा दर मिनिटाला पाच रुपयांवरून एक रुपया झाला, तो मोठा दिलासा होता. तरी मागं रांगेत माणसं उभी असायची, तेव्हा 'सगळं ठीक, तू कशी, बाळ कशी' एवढंच व्हायचं. खाली बेसला आल्यावर व्हिडिओ कॉल सुरू झाले. पण कॉलमध्ये फक्त तोंड येतं हो ताई. उंची येत नाही, चाल येत नाही, अंगाचा वास येत नाही.

घरी आले तेव्हा चेहरा रापून काळा आणि गॉगलपुरता डोळ्यांभोवती उजळ राहिलेला. वजन इतकं उतरलेलं की लग्नातला शर्ट खांद्यावरून ओघळत होता. वर झोप लागत नाही आणि अन्नही जात नाही हे मला ऐकून माहीत होतं. पण जिना चढताना ते दर दोन पायऱ्यांनी थांबून श्वास घ्यायचे ते बघून माझ्या पोटात कालवलं. इथं हवा भरपूर आहे, पायांना अजून ते कळलेलं नव्हतं.

आमची मुलगी तेव्हा अडीच वर्षांची. ती त्यांच्याकडं जाईना. शेवटी तिनं माझा मोबाइल आणला, त्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाली, 'पप्पा, यात ये.' तिच्यासाठी पप्पा तिथंच राहतो ना.

आता पुढची सुट्टी जवळ आलीय. मुलगी तीन वर्षांची झालीय. या वेळी काय करू, कुणी सांगाल का?

माजी_हवालदार

धागा वाचला. बायकांच्या बाजूनं चाललंय ते बरोबरच आहे, पण आमच्या बाजूनं चार ओळी लिहितो.

सुट्टीवर निघताना माणूस पहिलं काम करतो ते हत्यार कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या हत्यारखान्यात जमा करायचं. जी चीज महिनोन्‌महिने झोपेतसुद्धा हाताला लागेल अशी ठेवलेली असते, ती देऊन टाकायची आणि मोकळ्या हातानं चालायचं. मग चौकीवरून पायी रस्त्यापर्यंत, तिथून कॉन्व्हॉय, ट्रांझिट कॅम्प, सरकारी प्रवास वॉरंटवर तिकीट. रिझर्व्हेशन मिळालं तर ठीक, नाहीतर दाराजवळ ट्रंकेवर बसून दोन रात्री. सामान जाईल म्हणून डोळा मिटायचा नाही. एवढं करून आलेल्या माणसाला लोक म्हणतात, बोलत का नाहीस?

घरी रात्री जाग आली की पहिला हात उजवीकडं जातो. बायको विचारायची, काय शोधताय. तिला काय सांगणार? चष्मा म्हणायचो. तेव्हा मला चष्मा नव्हता.

दुसरं. फौजी न सांगता अचानक येतो त्याचं लोकांना कौतुक वाटतं. कारण वेगळं असतं. सुट्टी पास झाली तरी सही झालेला कागद हातात पडून गाडी हलेपर्यंत काही खरं नसतं. घरी तारीख कळवली आणि सुट्टी रद्द झाली तर घरातल्या सगळ्यांचा घास अडकतो. म्हणून आम्ही सांगायचो नाही. कारगिलच्या वेळी, १९९९ च्या मे महिन्यात मी घरी होतो. पेरणीचं बी आणून ठेवलं होतं. तार आली, ताबडतोब हजर व्हा. बी माझ्या बायकोनं आणि आईनं पेरलं. २००१ च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि सगळी फौज सीमेवर नेली, तेव्हाही सुट्ट्या थांबल्या. पुढच्या ऑक्टोबरात माघार सुरू झाली. त्या काळात माझ्या कंपनीत ठरलेली लग्नं पुढं गेलेली मी पाहिली आहेत. मुलीकडची माणसं थांबली, त्यांचे उपकार.

आणि हो, सुट्टीचे ६० आणि ३० दिवस हे जवान आणि जेसीओंचं, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांचं. अधिकाऱ्यांना कॅज्युअल २० दिवस.

निळीशाई वहिनी, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार. त्यांनी जे केलं ते फार थोड्या घरांत होतं.

निळीशाई

हवालदारसाहेब, 'चष्मा' वाचून मी तसाच फोन यांच्यापुढं धरला. यांनी वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, 'मी पाणी म्हणायचो.' इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं. मी रोज उशाला तांब्या भरून ठेवायची.

सासूबाई आता नाहीत. नमस्कार पोचला असं समजते.

खाडीकाठ

माझं मत थोडं वेगळं आहे. मी नौदलवाली. आमच्यात बोट ज्या बंदराची, तिथंच कुटुंब राहतं, बहुतेक मुंबई, विशाखापट्टणम किंवा कारवार. त्यामुळं गावाकडची सुट्टी वेगळी आणि बोट परत येणं वेगळं. बोट निघते तेव्हा परतीचा नेमका दिवस सांगत नाहीत आणि आपण विचारायचाही नसतो. समुद्रात आत गेल्यावर फोन नाही. मग एक दिवस शेजारीण सांगते की उद्या जेट्टीवर जायचंय.

निळीशाईंनी लिहिलं की माणूस घरात उशिरा पोचतो. मी म्हणते, त्याला आत यायला घरात जागासुद्धा करावी लागते आणि ते काम आपल्याकडं असतं. तो नसताना घर माझ्या हातावर बसलेलं असतं. गॅसचा नंबर मी लावते, मुलाचा अभ्यास माझ्या पद्धतीनं, रात्री साडेआठला जेवण, दहाला दिवे बंद. नवरा येतो आणि पहिल्याच संध्याकाळी मुलाला 'आज नको अभ्यास' म्हणतो. मुलाला बाप देवासारखा वाटतो आणि मी खाष्ट. दुसऱ्या दिवशी डबे उचलून दुसऱ्या फळीवर ठेवतो, कारण बोटीवर प्रत्येक वस्तू हलू नये अशी ठेवायची सवय. मला डाळ सापडत नाही. हे भांडण डाळीवरून होतं, पण असतं ते 'या घरात ठरवणार कोण' याचं.

आमच्या पहिल्या काही वर्षांत बोट आली की तिसऱ्या दिवशी भांडण ठरलेलं. एका मोठ्या वहिनींनी सांगितलं तेव्हा कळलं की क्वार्टर्समधल्या बहुतेक घरांत ते होतं. तेव्हापासून आम्ही बोलून ठरवलं. पहिला आठवडा मुलाचं वेळापत्रक माझंच चालेल, त्यात ढवळाढवळ नाही. बदल्यात बाजार, बँक, गाडीचं काम मी त्याच्याकडं सोडते आणि त्यात मीही बोलत नाही. प्रेम आटलंय म्हणून हे भांडण होत नाही. दोन कर्ती माणसं एका स्वयंपाकघरात उभी राहिली की होणारच. नव्या लग्नाच्या मुलींना हे आधी सांगायला हवं, म्हणजे त्या घाबरणार नाहीत.

तिसरी_घंटा

नमस्कार. या धाग्यावर फौजी बायकोचा नवरा मी कदाचित एकटाच असेन. माझी पत्नी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अधिकारी आहे, मी शाळेत शिक्षक. तिची बदली दर दोन-तीन वर्षांनी, माझी नोकरी इथं, मुलगी माझ्याकडं.

खाडीकाठ यांनी लिहिलेलं शब्दन्‌शब्द आमच्या घरात घडतं, फक्त डबे मी लावलेले असतात. ती येते आणि मुलीची वेणी घालायला घेते. मुलगी म्हणते, बाबा घट्ट घालतात, तू सैल घालतेस. पत्नी काही बोलत नाही, पुन्हा सोडून घट्ट घालते. त्या क्षणी मला तिथून उठून जावं असं वाटतं.

२०२० सालचं सांगतो. मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा काही घरांत सुट्टीवर आलेले जवान होते, त्यांची सुट्टी वाढली. शेजारच्या गल्लीत असंच एक घर होतं. रोज संध्याकाळी गच्चीवर तो जवान आणि त्याचा मुलगा पतंग उडवायचे. आमच्याकडं उलटं. ती लष्करी रुग्णालयात, तिची सुट्टी रद्द. पुढं कधीतरी ती आली आणि आधी चौदा दिवस वरच्या खोलीत एकटी राहिली. मुलगी जिन्याच्या सातव्या पायरीवर बसायची, दार बंद. आतून ती गणितं घालायची, बाहेरून ही उत्तरं द्यायची. पाढे त्या दिवसांत पाठ झाले. दार उघडलं तेव्हा मुलगी लगेच आत गेली नाही. सवयीनं त्याच पायरीवर बसून राहिली आणि म्हणाली, 'आई, आधी गणित घाल.' पत्नी बाहेर येऊन तिच्या शेजारी पायरीवर बसली आणि गणित घातलं.

लोक मला विचारतात, बायको लांब असते, तुमचं कसं चालतं? फौजीच्या बायकोला हे कुणी विचारत नाही, तिनं चालवायचंच असतं असं धरतात. मला हे दोन्ही खटकतं.

शेवंती

मी बरेच दिवस नुसतं वाचते, लिहीत नाही. आज लिहिते. माझे पती आता नाहीत, ड्युटीवर असताना गेले. हे वाचून कुणी लिहायचं थांबवू नका, तुमच्या आठवणी मला हव्या आहेत.

त्यांच्या शेवटच्या सुट्टीत काही विशेष घडलं नाही. सुट्टी संपायच्या आधी त्यांनी मला स्कूटी शिकवली. मी घाबरायची, ते मागं धावायचे आणि 'हँडल सोडू नको, मी धरलंय' म्हणायचे. धरलेलं नसायचं. आज मी त्याच स्कूटीवरून नोकरीला जाते.

पण मला इथं कामाचं सांगायचंय. सुट्टीत एक दिवस, फक्त एक दिवस, कागदांसाठी काढा. लग्न आणि मुलांचे जन्म युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे सर्व्हिस रेकॉर्डच्या अधिकृत नोंदीत चढले आहेत का ते विचारा. आधार, बँक आणि सर्व्हिस रेकॉर्डमध्ये तुमचं नाव आणि जन्मतारीख सारखी आहे का ते ताडून बघा. माहेरचं नाव एकीकडं आणि सासरचं दुसरीकडं असलं तरी अडतं. पगाराचं खातं जॉइंट करा. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं नॉमिनेशन लग्नाआधीचं आईच्या नावावर तसंच राहिलेलं असतं, ते बघा. माझ्या नावातल्या एका अक्षरामुळं मला बरेच महिने खेटे घालावे लागले. नंतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका क्लार्कनं सगळी फाइल स्वतः लावून दिली. ही कार्यालयं जिल्ह्याच्या गावी असतात, आधीच एकदा जाऊन या.

हे बोलणं अशुभ वाटतं म्हणून बायका काढत नाहीत आणि नवरेही टाळतात. आमच्यातही तो विषय मीच टाळला असता, पण त्यांनीच एका दुपारी फाइल माझ्यापुढं ठेवली आणि प्रत्येक कागद कशाचा ते सांगितलं. मी कंटाळले होते, मला सिनेमाला जायचं होतं. फाइल झाल्यावर आम्ही गेलोही.

माजी_हवालदार

ताई, तुम्हाला सॅल्यूट. तुम्ही लिहिलेली यादी मी आमच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर टाकतो, तुमचं नाव न घेता. चालेल ना?

शेवंती

टाका दादा. म्हणूनच लिहिली.

माळावरची

सीआरपीएफवाल्यांनी लिहिलं तर चालेल का? फौज म्हटलं की आमची आठवण शेवटी येते.

आमचं सगळं असंच, फक्त ठिकाण सारखं बदलतं. आज काश्मीर, उद्या छत्तीसगड, मध्येच कुठल्या राज्यात निवडणूक लागली की कंपनी तिकडं. निवडणुका जाहीर झाल्या की मी समजते, आता सुट्टीचं नाव काढायचं नाही.

निळीशाईताईंनी येण्याबद्दल विचारलंय. माझं मन मात्र परत जाण्यापाशी अडकतं. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात आमच्या दलाचे ४० जवान गेले. त्या ताफ्यात कितीतरी जण सुट्टी संपवून परत निघालेले होते. म्हणजे आदल्या आठवड्यात कुणाच्या तरी घरी ते जेवायला बसलेले होते. त्यानंतर दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर या प्रवासाला जवानांनाही विमान मिळायला लागलं, सुट्टीवर येता-जातानाही. चांगलं झालं. पण माझ्या जिवाला लागलेला घोर त्यानं गेला नाही.

त्याआधी मी सुट्टीच्या शेवटच्या दिवसांत चिडचिड करायची. भांडून झालं की जाणं सोपं होतं असं काहीतरी मनात असावं. पुलवामानंतर ते थांबलं. आता शेवटचे दोन दिवस मी कामाला सुट्टी घेते. लाडू वगैरे आधीच करून डब्यात भरलेले असतात. ते दोन दिवस आम्ही काही करत नाही. शेतावर जाऊन बसतो. लोक म्हणतात, एवढी कामं पडलीत आणि ही दोघं बांधावर बसलीत. बसू द्या म्हणावं.

निळीशाई

माळावरची, चालेल का असं विचारू नकोस गं. हा धागा तुझाही आहे. बांधावर बसण्याचं वाचून फार बरं वाटलं.

शेवंतीताई, तुमचं वाचल्यावर मी उठून आमची फाइल काढली. माझी जन्मतारीख दोन ठिकाणी वेगळी आहे. हे निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पेन्शन व्यवस्थित येते, त्यामुळं कधी पाहिलंच गेलं नाही. फॅमिली पेन्शनच्या कागदाला ते अडलं असतं. सोमवारी दोघं जिल्ह्याला जातोय.

बालवाडी_ताई

वेदगंगा यांच्या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलं नाही म्हणून लिहिते. माझ्या बालवाडीत दरवर्षी दोन-चार तरी फौजींची मुलं असतात, त्यांच्याकडं बघून जे दिसलं ते सांगते.

लहान मुलाला 'जा पप्पाकडं' म्हणून ढकलू नका, नातेवाइकांनाही करू देऊ नका. सगळे बघत असताना मूल कुणाकडंच जात नाही. पप्पांनी उभं राहून हात पुढं करण्यापेक्षा जमिनीवर बसून स्वतःच काहीतरी करत बसावं, ठोकळे रचावेत, चित्र काढावं. मूल आपणहून सरकत येतं. त्याला वेळ लागतो. आमच्याकडं एक वडील तीन दिवस शाळेच्या पायरीवर कागदाची होडी करत बसायचे. चौथ्या दिवशी त्यांचा मुलगा त्यांच्याकडं गेला आणि होडी कशी चुकलीय ते सांगू लागला.

दुसरं म्हणजे रोजचं एक काम पप्पांचं ठरवून टाका. आंघोळ किंवा चप्पल घालणं, लहानसंच. दर सुट्टीत तेच. मुलांना गोष्टींपेक्षा रोजची कामं जास्त लक्षात राहतात. आणि व्हिडिओ कॉलवर नुसतं 'बोल, बोल' म्हणू नका. मूल खेळत असताना फोन शेजारी उभा करून ठेवा आणि पप्पांना नुसतं बघू द्या.

तुमच्या मुलीनं मोबाइल आणून दिला म्हणजे तिला पप्पा हवेच होते. ती नाकारत नव्हती.

वेदगंगा

शेवटचं वाक्य वाचून मी रडले. आतापर्यंत मला वाटायचं तिनं त्यांना ओळखलंच नाही.

सगळ्यांचे आभार. तर माझं ठरलंय असं. माझ्या सासूबाई इथं वाचत नाहीत, पण मी निळीशाईताईंचं सगळं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. 'आला गं आता' ला त्या थांबल्या आणि म्हणाल्या, पुन्हा वाच. मग स्वतःच नणंदेला फोन करून सांगितलं की पोरगा आला तरी पहिले काही दिवस कुणी यायचं नाही, जावळाचा कार्यक्रम नंतर बघू. नणंद जरा फुगलीय, ते मी बघून घेईन. खाडीकाठताईंचं ऐकून डब्यांना चिठ्ठ्या लावल्यात. एक फळी रिकामी केलीय, ती त्यांची, तिथं त्यांनी काहीही कसंही ठेवावं. मुलीला चप्पल घालायचं काम त्यांचं.

शेवंतीताई, पार्ट टूचं विचारलं. मुलीचा जन्म चढलाय, पण पगाराचं खातं अजून त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. त्याचा फॉर्म आणून ठेवलाय.

तारीख विचारू नका, मलाही सांगितलेली नाही आणि हवालदारदादांचं वाचल्यापासून मी विचारत नाही.

खाडीकाठ

चिठ्ठ्या मराठीत लावल्यास की हिंदीत? आमच्याकडं मी मराठीत लावल्या होत्या, तरी डाळ साखरेच्या डब्यात गेली. आधी त्याला एकदा सगळे डबे उघडून दाखव. आणि नणंदेला पाचव्या दिवशी तूच फोन कर, त्याला करायला लावू नकोस.